यंत्र आले, अक्षर मागून येते आहे

आमच्या जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात भिंतीवर एक टीव्ही आहे. त्याच्या मागे, साबणाच्या वडीएवढ्या डबीत, एकाच बोर्डावर बसवलेला छोटा संगणक काही वर्षे चालू होता. गावातल्या आणि आसपासच्या भागातल्या भारुडांच्या, जात्यावरच्या ओव्यांच्या, कीर्तनांच्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेले आवाज त्यात साठवले होते. संध्याकाळी कोणी म्हातारी यायची, पडद्यावरच्या यादीतून नातू नाव शोधून द्यायचा, आणि तीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा आवाज खोलीत भरून राहायचा. एका वळवाच्या रात्री वीज कमी-जास्त झाली आणि बोर्ड जळाला. आवाज दुसरीकडे साठवलेले असल्यामुळे वाचले. वर्गणी काढून नवा बोर्ड आणला. तो आधीच्यापेक्षा वेगवान होता, पुढच्या पिढीचा होता. पण टीव्हीवर यादी दाखवून आवाज वाजवणारे सॉफ्टवेअर त्याच्यावर सुरूच होईना.

हे सगळे सांभाळणारा कॉलेजातला मुलगा शांतपणे म्हणाला, “काका, बोर्ड नवा आहे ना. अजून त्याला सपोर्ट आलेला नाही. येईल.”

“कधी येईल?”

“करणाऱ्यांनी केला की.”

त्याचे उत्तर तांत्रिक होते, पण मला ते ऐतिहासिक वाटले. छापील मराठीचा दोनशे वर्षांचा इतिहास चाळताना हेच वाक्य मला निरनिराळ्या रूपांत भेटत आले आहे. यंत्र आधी येते. त्यात आपले अक्षर, आपला आवाज, आपली यादी मागाहून येते. त्या मधल्या काळात काय होते, हा या लेखाचा विषय आहे. तो काळ रिकामा नसतो. त्या काळात कोणी काम करतात, कोणी पळवाट काढतात, कोणी नुसते बसून राहतात. पुढच्या पन्नास वर्षांच्या मराठीवर या तिघांचाही परिणाम होतो.

करणारे कोण?

आधी त्या डबीविषयी. आमचा बोर्ड कोणत्या कंपनीचा हे सांगण्यात अर्थ नाही. पण या जातीच्या बोर्डांना ज्याने जगभर नाव मिळवून दिले तो ‘रास्पबेरी पाय’ २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या काही मंडळींनी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून तो काढला होता. किंमत ३५ डॉलर, स्मृती २५६ मेगाबाइट. मुले तो शिकलीही. पण असंख्य मोठ्या माणसांनी तो टीव्हीच्या मागे लावून टाकला. याचे कारण दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये होते. एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर चित्रपट आणि गाणी वाजवता यावीत म्हणून काही हौशी लोकांनी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. तो वाढत वाढत ‘एक्सबीएमसी’ झाला आणि २०१४ मध्ये त्याचे नाव ‘कोडी’ ठेवले गेले. तो कोणालाही फुकट मिळतो, आणि तो लिहिणारे बहुतेक लोक दिवसा दुसरीकडे नोकरी करतात.

फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आणि स्वस्त मिळणारा बोर्ड यांची गाठ आपोआप पडत नाही. चित्रफीत उलगडून पडद्यावर दाखवण्यासाठी प्रत्येक चिपमध्ये वेगळे मंडल असते. त्याच्याशी कसे बोलायचे हे सॉफ्टवेअरला शिकवावे लागते. पहिल्या रास्पबेरी पायमध्ये एक प्रकारची चित्रफीत उलगडण्याची सोय होती, तर दुसऱ्या जुन्या प्रकारासाठी परवाना वेगळा विकत घ्यावा लागे. जून २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत आतले चित्रमंडल बदलले. ऑक्टोबर २०२३ मध्ये विक्रीस आलेल्या पाचव्या पिढीत तर सर्वांत रुळलेल्या प्रकारासाठीचे वेगळे मंडल काढूनच टाकले. ते काम मुख्य प्रोसेसरने करायचे असे ठरले. म्हणजे बोर्ड पुढे गेला की सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून काम. गिऱ्हाईक दुकानातून खोके घेऊन घरी येते त्या दिवशी दुसरीकडे कोणीतरी रात्रीचे जेवण उरकून त्या बोर्डाची कागदपत्रे वाचायला बसलेला असतो. मुलाने सांगितलेले ‘करणारे’ ते हे.

मराठीच्या बाबतीत असे करणारे कोण होते, ते आता पाहू.

खिळ्यांची केस

ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये. ती लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. त्यानंतरची पाचशे वर्षे मराठीला लेखणी, बोरू आणि लिहिणारा हात एवढेच लागत होते, आणि हाताला कोणतेही अक्षर अवघड नव्हते. पंचाईत सुरू झाली ती छापखान्याबरोबर.

इंग्रजी जुळाऱ्याचे काम लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांत भागते. मराठीत मूळ अक्षराला काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, अनुस्वार लागतात, शिवाय जोडाक्षरे. प्रत्येक जोडणीचा वेगळा खिळा पाडायचा म्हटले तर शेकड्यांनी खिळे होतात, आणि मात्रा वेगळ्या पाडून वर-खाली बसवायच्या म्हटले तर जुळणी नाजूक होते, मात्रा मोडतात. विल्यम कॅरीच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठी व्याकरण देवनागरीत निघाले आणि १८१० मध्ये कोश निघाला तो मोडीत. पहिली सोय बंगालमध्ये झाली, तीही परक्या माणसाच्या खटपटीने.

इकडे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछाप म्हणजे खिळ्यांची वाट न पाहता काढलेली एक उत्तम वाट. हाताने लिहायचे, ते दगडावर उतरवायचे आणि छापायचे. यंत्राला अक्षर ठाऊक असण्याची गरजच नव्हती. पुढे गणपत कृष्णाजींनी खिळेही पाडले; पण दरम्यान पंचांग लोकांच्या हातात पडले होते.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ च्या अखेरीस अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, येऊन राहिले. १८४२ मध्ये त्यांचे ‘ज्ञानोदय’ नगरहून निघू लागले आणि काही वर्षांनी मुंबईला गेले. मुंबईतल्या मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचा माणूस मराठी खिळ्यांचे साचे बसवण्यात गुंतला होता. त्याच्या हाताखाली लहान वयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांमुळे निर्णयसागरचे वळण हे छापील देवनागरीचेच वळण ठरले. आज आपल्याला ‘सुंदर मराठी अक्षर’ म्हणून जे डोळ्यांसमोर येते, त्यात त्या कारागिराच्या कानशीचा वाटा मोठा आहे. सेरामपूरच्या व्याकरणापासून निर्णयसागरपर्यंत चौसष्ट वर्षे गेली.

या तयार झालेल्या खिळ्यांवर पुढे खेड्यातूनही वृत्तपत्र निघू शकले. सत्यशोधक मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केले आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यात राहून, १९६७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते निगुतीने चालवले. खेड्यातून निघणारे पहिले वृत्तपत्र म्हणून ते ओळखले जाते. शेतकऱ्याच्या बोलीतला मजकूर त्याच्या शेजारच्या गावात जुळवला जात होता, ही गोष्ट लहान नाही. तोवर सोय मुंबईपुरती राहिली नव्हती.

मोडीचे मात्र उलटे झाले. राज्यकारभाराची, हिशेबाची, जमिनीच्या कागदांची लिपी मोडी. पण छापखान्याने देवनागरीला जवळ केले आणि मोडी मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शाळांतूनही गेली. संगणकासाठीच्या युनिकोड या जागतिक अक्षरतक्त्यात मोडीला जागा मिळाली ती २०१४ मध्ये. तोपर्यंत ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. करणारा वेळेवर मिळाला नाही की प्रतीक्षा किती महाग पडते, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत नाही.

नव्वद कळा

दुसरी प्रतीक्षा यांत्रिक जुळणीची. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्राच्या छापखान्यात मर्गेंथेलरचे लायनोटाइप यंत्र सुरू झाले. कळ दाबली की साचा खाली येतो, ओळ पूर्ण झाली की शिसे ओतून सबंध ओळच तयार होते. त्या यंत्राला कळा होत्या ९०. इंग्रजीला त्या पुरून उरत. मराठीच्या केसमधले खिळे त्यात बसवणे म्हणजे पाटीत गाडीभर कडबा भरण्यासारखे होते.

लोकमान्य टिळकांनी हे संकट फार लवकर ओळखले. ‘केसरी’ १८८१ पासून निघत होता आणि खप वाढला तसा जुळणीला लागणारा वेळ ही रोजचीच डोकेदुखी झाली होती. १९०४ च्या सुमारास टिळकांनी खिळ्यांची संख्या कशी कमी करता येईल याचा पद्धतशीर विचार सुरू केला. कोणते अक्षर मोडून दोन खिळ्यांत बसवता येते, कोणते जोडाक्षर उभ्या दांड्याचा अर्धा भाग काढून साधता येते, याची ती छाननी होती. १९२० मध्ये टिळक गेले, पण काम थांबले नाही. १९२६ पर्यंत १९० खिळ्यांचा संच सिद्ध झाला आणि तो टिळकांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मोनोटाइप या दुसऱ्या यंत्राच्या साच्याच्या चौकटीत त्या काळी २२५ घरे असत. १९० हा आकडा त्या चौकटीत अंक आणि चिन्हांसह बसतो. हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. पण हे माझे अनुमान आहे, पुरावा नव्हे.

पुढे १९३० च्या दशकात हरी गोविंद गोविल या राजस्थानी गृहस्थाने न्यूयॉर्कमध्ये राहून मर्गेंथेलर कंपनीबरोबर देवनागरीची लायनोटाइप तयार करवून घेतली. यंत्र पोहोचले, तशी लिपी सुधारण्याची चर्चा तापली. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, म्हणजे इ, ई, उ ही स्वतंत्र अक्षरे न वापरता ‘अ’लाच वेलांटी आणि उकार द्यायचे. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाने काकासाहेब कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात आचार्य नरेंद्र देव यांची समिती बसली. १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, दीर्घाच्याच जागी पण दांडा आखूड करून, लिहावी असे ठरवले. काही वर्षांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला.

या सगळ्या हालचालींना त्या वेळी ‘लिपीसुधारणा’ म्हणत. त्यात राष्ट्रीय एकतेची, साक्षरतेची प्रामाणिक कळकळ होती हे खरेच. पण त्यांच्या मुळाशी ९० कळा होत्या, हेही विसरता येत नाही. यंत्र बदलणे आपल्या हातात नव्हते म्हणून अक्षर कापायला घेतले होते. न्यूयॉर्कमधल्या कारखानदाराने कळांची संख्या ठरवली तेव्हा त्याच्या ध्यानीमनीही नसेल की तिच्यापायी हिंदुस्थानात शाळकरी मुलांची वेलांटी जागा सोडेल.

आधी वेलांटी, मग अक्षर

टाइपरायटरने हीच ओढाताण प्रत्येक तहसील कचेरीत आणून ठेवली. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले, १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली, आणि सरकारी कामासाठी मराठी टाइपरायटर हवे झाले. भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर गोदरेजने १९५५ मध्ये काढला होताच. टाइपरायटरवर एका कळीला दोन अक्षरे, म्हणजे सगळी मिळून नव्वदीच्या आसपासच. म्हणून अर्धी अक्षरे आणि काना वेगवेगळे ठेवले. अर्धा ‘त’ आणि काना मिळून पूर्ण ‘त’ होतो ही टंकलेखकाची बाराखडी.

त्या यंत्राची एक सवय पुढे फार महागात पडली. कागदावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डाव्या बाजूला दिसते म्हणून टाइपरायटरवर ती आधी दाबायची आणि अक्षर नंतर. बोलताना मात्र आपण ‘क्’ आधी म्हणतो आणि ‘इ’ नंतर. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षा देऊन पास झालेल्या हजारो मुलामुलींच्या बोटांत ‘आधी वेलांटी’ पक्की बसली. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संगणकासाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही कळपाटी ठरवली. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आणि क्रम उच्चाराचा, म्हणजे आधी अक्षर आणि मग वेलांटी. ती शास्त्रशुद्ध होती, शिकायला सोपी होती, भारतातल्या बहुतेक लिप्यांना एकच होती. तरी जुने हात तिच्याकडे वळले नाहीत. सॉफ्टवेअर तयार होते, माणसाची बोटे तयार नव्हती. प्रतीक्षेचा हाही एक प्रकार आहे.

एक कार्ड आणि एक तक्ता

तिसरी प्रतीक्षा संगणकाची, आणि इथे पहिल्यांदा प्रश्न उलटा मांडला गेला. अक्षर कापून यंत्रात बसवण्याऐवजी यंत्रालाच अक्षर शिकवता येईल का?

आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने काम केले. १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात त्यांचा देवनागरी संगणक दाखवण्यात आला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिथे ‘जिस्ट’ या नावाने वाढले. जिस्ट कार्ड हे संगणकाच्या पोटात बसवायचे एक जास्तीचे कार्ड होते. साध्या इंग्रजी संगणकात ते बसवले की पडद्यावर मराठी उमटे. म्हणजे यंत्राला आपली लिपी येत नव्हती, तर तिचा दुभाषा बरोबर बसवून दिला.

त्यामागची कल्पना कार्डापेक्षा मोठी होती. मोजक्या मूळ अक्षरांना आणि मात्रांना क्रमांक द्यायचे. ‘क्ष’, ‘स्त्र’, ‘र्थ’ यांना वेगळे क्रमांक द्यायचे नाहीत. हलन्त आला की दोन अक्षरे जोडायची कशी हे संगणकाने स्वतः ठरवायचे. जावजींच्या केसमधले शेकडो खिळे, टिळकांचे १९०, लायनोच्या ९० कळा, हा सगळा हिशेब या एका विचाराने निकालात निघाला. साठवायचे ते थोडे, दाखवायचे ते हवे तेवढे. हा तक्ता ‘इस्की’ म्हणून ओळखला जातो. १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या तक्त्यावरून घेतलेली होती. आज जगात कुठेही मोबाइलवर मराठी अक्षर उमटते, त्याच्या मुळाशी भारतात आखलेला तो तक्ता आहे.

तक्ता आला, पण यंत्रांत तो उतरायला आणखी नऊ वर्षे गेली. मायक्रोसॉफ्टची विंडोज २००० ही देवनागरी नीट दाखवणारी पहिली विंडोज. तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. आरूंनी पोलादात केले ते जोशींनी पडद्यावर केले. पुढच्या विंडोज एक्सपीतही ही सोय आपोआप चालू नसे. सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची आणि सीडी घालायची. ती खूण कुठे असते हे सांगत फिरणारे मराठी लोक त्या काळात गावोगाव होते. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो अशाच लोकांच्या बळावर. रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे फाँट २००४ मध्ये सर्वांना मोकळे करून दिले, त्यामुळे लिनक्स वापरणाऱ्यांची सोय झाली. आमच्या डबीसारख्या बोर्डांवर बहुधा लिनक्सच असते.

दिवाळीपर्यंत थांबता येत नाही

पण १९९१ ते २००० ही वर्षे मराठी प्रकाशनव्यवसाय हात बांधून बसणार नव्हता. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून या व्यवसायाचे घड्याळ लक्ष्मीपूजनाला लागलेले आहे. अंक दिवाळीला बाजारात हवा, तक्ता यंत्रात उतरो वा न उतरो. खिळ्यांचे छापखाने बंद होत होते, डीटीपीची दुकाने निघत होती. तेव्हा काही उद्योजकांनी ‘श्री-लिपी’, ‘आकृती’ अशा नावांनी मराठी फाँट आणि कळपाट्या बाजारात आणल्या आणि मराठी पुस्तके, वृत्तपत्रे, लग्नपत्रिका यांचे काम अडू दिले नाही. हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो.

त्या फाँटांची युक्ती शिळाछापासारखी होती. संगणकाला मराठी येत नाही, तर त्याला ती शिकवायच्या फंदात न पडता इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे चित्रासारखे बसवायचे. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरे, टक्के, डॉलर, कंस यांची रास. आपल्या डोळ्यांना मात्र शुद्ध मराठी. प्रत्येक कंपनीचे तुकडे वेगळ्या जागी. शिळाछापात एक गोष्ट बरी होती: कागद छापून झाला की दगडाशी संबंध संपत असे. इथे मजकूर फाइलीत राहिला आणि फाइलीचा अर्थ फाँटच्या हाती राहिला. फाँट गेला की अर्थ गेला.

याचा अनुभव मला आला तो काही वर्षांपूर्वी. जिल्ह्यातले एक जुने संपादक निवर्तले. त्यांच्या घरच्यांनी पंधरा वर्षांच्या अंकांच्या सीडी माझ्या हवाली केल्या. बहुतेक सीडी चालल्या. फाइली उघडल्याही. आणि पडद्यावर पानेच्या पाने चिन्हांचा कचरा दिसला. त्यात आमच्या भागातल्या लिहित्या माणसांच्या कथा होत्या, दुष्काळाची वर्णने होती, मुलाखती होत्या, आणि त्यांतले एक अक्षर वाचता येत नव्हते. कोणता फाँट वापरला होता ते ओळखायला आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायला दोन हिवाळे गेले. बदलताना रफार भलत्याच अक्षरावर चढले, जोडाक्षरे फुटली. ती छापील अंक शेजारी ठेवून एकेक दुरुस्त करावी लागली. ज्या वर्षांचे छापील अंक मिळाले नाहीत, त्या वर्षांच्या फाइलींत काही जागी शब्द काय होता हे आता कोणीच सांगू शकणार नाही. गमतीची गोष्ट अशी की त्यांच्याकडचा १९४० च्या आधीचा, खिळ्यांवर छापलेला पिवळा पडलेला कागद मला सहज वाचता येत होता.

या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी, मंडळात, छोट्या प्रकाशनसंस्थेत अशा सीडी असतील. १९९० ते २००५ च्या दरम्यानचा मराठी मजकूर म्हणजे आपल्या छापील इतिहासातला सर्वांत ठिसूळ थर आहे. पळवाट काढणाऱ्यांचा दोष नाही. दिवाळी थांबत नाही. पण पळवाटेचे भाडे नंतर द्यावे लागते, आणि ते आत्ताच, त्या दुकानांत बसून जुळणी केलेली माणसे हयात आहेत तोवर द्यायला हवे. कोणत्या वर्षी कोणता फाँट होता हे कागदावर कुठेच नाही, फक्त त्यांच्या आठवणीत आहे.

एक ॲ आणि एक आडवा र

तक्ता झाला, फाँट झाले, तरी काही उरतेच. युनिकोडच्या पहिल्या तक्त्यात ‘ॲ’ नव्हता. हिंदीला त्याची निकड नव्हती; मराठीला होती. लोक ‘अ’वर अर्धचंद्र बसवू पाहत, तर अनेक यंत्रे मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ काढून दाखवत. स्वतंत्र जागा मिळाली ती एप्रिल २००८ मध्ये. पुढच्या वर्षी ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ अधिकृत वर्णमालेत आले. म्हणजे हा स्वर जगाच्या तक्त्यात आधी पोहोचला आणि आपल्या सरकारी वर्णमालेत नंतर. आज प्रत्येकाच्या तोंडी असलेला ‘ॲप’ हा शब्द त्याआधी यंत्रावर धड लिहिताच येत नव्हता.

तीच गोष्ट ‘वाऱ्याचा’, ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’ यांतल्या आडव्या अर्ध्या र ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा भेद मुख्यतः मराठीचा. तो सांभाळायचा तर कोणीतरी तो तक्त्याच्या नियमांत लिहून घ्यावा लागतो, प्रत्येक फाँटमध्ये आकार काढावा लागतो आणि प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरमध्ये तपासून पाहावा लागतो. हे काम दुसऱ्या भाषेचा माणूस आपणहून करील अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे. त्याला ती चूक दिसणारच नाही.

वाचनालयातला बोर्ड

हा लेख लिहीपर्यंत आमच्या नव्या बोर्डाला सपोर्ट आलेला नाही. मुलाने मला अलीकडे एक गोष्ट सांगितली. चाचणीसाठी कच्ची आवृत्ती निघाली आहे. ती आपल्या बोर्डावर टाकून काय चालते आणि काय चालत नाही हे लिहून कळवणारी माणसे लिहिणाऱ्यांना हवी असतात. त्याने ती टाकली. आवाज नीट आला. पण कॅसेटच्या यादीत राहाता तालुक्यातल्या कोऱ्हाळे गावच्या एका बाईंच्या ओव्या आहेत, आणि गावाच्या नावातला आडवा र पडद्यावर तुटून दिसत होता. त्याने फोटो काढला, कसे दिसते आणि कसे दिसायला हवे ते दोन ओळींत लिहिले आणि पाठवून दिले.

“काका, मी तरी कळवलंय,” तो म्हणाला. “आता बघू.”

दरम्यान आम्ही दोघे कॅसेटच्या खोक्यांवरची हस्ताक्षरातली नावे युनिकोडमध्ये उतरवून काढतो आहोत. गाणाऱ्याचे नाव, गाव, ध्वनिमुद्रणाचे साल, कोणी केले, कोणत्या प्रसंगी केले. निम्म्या खोक्यांवर सालच नाही. त्यासाठी गावात जाऊन विचारावे लागते, आणि सांगणारी माणसे सत्तरी-ऐंशीची आहेत. बोर्ड सुरू होईल तेव्हा यादी तयार असली पाहिजे.